मागून येणाऱ्यासाठी सात वायरी

आमच्या जीपच्या मागे, हुकाच्या बाजूला, झाकण असलेली एक काळी डबी बसवलेली आहे. लहान मुलं झाकण उघडून आत बोट घालतात. शेजारच्या काकूंना तो ॲशट्रे वाटला होता. ते आहे ट्रेलर सॉकेट. गाडीमागे छोटा ट्रेलर जोडला की त्याच्या दिव्यांना वीज इथून मिळते. आत सात टर्मिनल, सात वायरी. ट्रेलरला ना बॅटरी असते ना डायनॅमो. त्याच्या पाठीवरचे लाल दिवे, ब्रेकलाइट, इंडिकेटर सगळं या डबीच्या भरवशावर चालतं.

ही डबी बसवायला आमच्या घरी तीन रविवार लागले. तेवढा वेळ का लागला हे सांगायचं तर दोन वर्षं मागे जावं लागेल.

गुंडरदेहीच्या पुढे आमची दीड एकर जमीन आहे. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, भिलाई स्टील प्लांटमधून निवृत्त झाल्यावर घेतलेली. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी माझे दीर तिकडून मोटरसायकलने परत येत होते. छत्तीसगडमध्ये ते दिवस धान खरेदीचे. ट्रॅक्टरमागे पोत्यांनी भरलेली ट्रॉली, अशा रांगाच्या रांगा सोसायटीकडे निघालेल्या असतात. माझं माहेर भंडाऱ्याचं, त्यामुळे हे दृश्य मला लहानपणापासून ठाऊक. एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला चाक पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, काहीच नाही. समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड डोळ्यांवर आला आणि भाऊजी सरळ ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर गेले. हेल्मेटमुळे वाचले. मांडीत रॉड पडला, आठ महिने घरात बसावं लागलं, आणि आजही जिना उतरताना ते आधी उजवा पाय टाकतात.

बाबा तेव्हा फारसं बोलले नाहीत. हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या बसल्या एवढंच म्हणाले, "ट्रॅक्टरला दिवा होता ना? मग ट्रॉलीला का नव्हता?"

त्याच्या पुढच्या वर्षी शेतासाठी ट्रेलर घ्यायचं ठरलं. आमच्याकडे नव्वदच्या दशकातली महिंद्राची एमएम 540 जीप आहे. खतं, रोपं, पाण्याचा पंप नेताना ती दर वेळी अपुरी पडायची. दुर्गमधल्या एका गृहस्थांकडे दोन चाकांचा छोटा ट्रेलर विकायला होता, कागदपत्रांसह. कागदांचं मुद्दाम सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की ट्रेलर म्हणजे गाडीला बांधलेली हातगाडी. तसं नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, म्हणून त्याची वेगळी नोंदणी लागते. आमच्या ट्रेलरला नंबर होता, कडी होती, चाकं धड होती. दिवेही होते म्हणे. बाबांनी मागे जाऊन पाहिलं तर दोन फुटक्या काचा आणि घरातल्या कॉलबेलला लावतात तसली बारीक वायर.

"एखाद्या गॅरेजला नेऊन तासाभरात काम उरकू," माझे यजमान म्हणाले. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे काम घरी होईल."

बाबा रेल अँड स्ट्रक्चरल मिलच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये होते. आपल्या रेल्वेचे रूळ जिथे तयार होतात ती ही मिल. तिथली शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. कुठल्याही यंत्राला हात लावायच्या आधी त्याचा पुरवठा बंद करायचा, पाटी लावायची, मगच पाना उचलायचा. तर पहिल्या रविवारी सकाळी क्वार्टरच्या अंगणात जीपच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून झाली आणि स्टीअरिंगला पुठ्ठ्याची पाटी लटकली: 'काम चालू आहे.' मुलांना भारी मजा वाटली. मला बाबांनी वही आणि पेन दिलं. "बेटा, तू लिहीत जा. हात माझे, हिशोब तुझा."

सात वायरींचा हिशोब असा. बारा व्होल्टच्या गाड्यांसाठी सात पिनांच्या सॉकेटची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे आणि प्रत्येक टर्मिनलजवळ आकडा कोरलेला असतो. एक नंबरला पिवळी वायर, डावा इंडिकेटर. चारला हिरवी, उजवा इंडिकेटर. सहाला लाल, ब्रेकलाइट. पाचला तपकिरी म्हणजे उजवीकडचा मागचा दिवा, सातला काळी म्हणजे डावीकडचा. दोनला निळी, ती धुक्यातल्या मागच्या दिव्यासाठी. आमच्या जीपला तसा दिवाच नाही, म्हणून ती पिन रिकामी ठेवली. आणि तीनला पांढरी. ती अर्थची.

मी विचारलं, मागचे दोन्ही दिवे एकाच वेळी लागतात आणि एकाच वेळी बंद होतात, मग त्यांना पाच आणि सात अशा दोन वेगळ्या पिना कशाला? बाबा या प्रश्नावर इतके खूश झाले की चहा मागवला. दोन्ही बाजूंना वेगळी वायर आणि वेगळा फ्यूज असेल तर एका बाजूची वायर घासून शॉर्ट झाली तरी दुसरा दिवा जळत राहतो. निदान एक लाल ठिपका मागच्याला दिसतो. जीपमध्ये मात्र दोन्ही दिवे एकाच तारेवर होते. बाबांनी ट्रेलरसाठी दोन फ्यूज वेगळे घातले.

हे रंग ट्रेलरच्या केबलचे बरं का. जीपच्या आतल्या वायरींचे रंग वेगळेच असतात, आणि जुन्या जीपमध्ये तर आजवरच्या प्रत्येक मिस्त्रीने हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडलेली. त्यामुळे रंगावर विश्वास न ठेवता टेस्ट लॅम्प घ्यायचा, म्हणजे एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला सुई असलेला छोटा बल्ब. चिमटा चॅसीच्या घासून स्वच्छ केलेल्या लोखंडाला लावायचा, सुई एकेका वायरीला टेकवायची आणि आत बसलेल्या माणसाला ओरडून सांगायचं, "ब्रेक दाब! सोड! डावा दे!" एवढ्यापुरती बॅटरी पुन्हा जोडली, पाटी उतरवली. आत माझा मुलगा बसला होता. त्याने अर्धा तास इतक्या गांभीर्याने ब्रेक दाबला की शाळेत अर्धं जरी लक्ष देईल तर बरं.

वायरी सापडल्या की त्यांनाच ट्रेलरच्या वायरी गुंडाळायच्या आणि टेप मारायची, ही बाजारातली पद्धत. काम चालतं, काही दिवस. बाबांचं म्हणणं असं: ब्रेकलाइटचा एक बल्ब 21 वॅटचा. बारा व्होल्टवर तो साधारण पावणेदोन अँपिअर घेतो. जीपचे दोन झाले साडेतीन, ट्रेलरचे आणखी दोन धरले की सात. तीस वर्षांच्या जुन्या स्विचवर आणि बारीक वायरीवर दुप्पट ओझं. स्विच तापतो, आणि गरम होता होता एक दिवस ब्रेकलाइटच जातो. जीपचासुद्धा. म्हणून मध्ये रिले घालायचा. जीपच्या ब्रेकलाइटच्या वायरीने फक्त रिलेला इशारा द्यायचा आणि ट्रेलरचा करंट फ्यूजमधून थेट बॅटरीवरून न्यायचा. मागच्या दिव्यांसाठीही तसंच. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण फ्यूजच्या अलीकडे वायर घासली तर तिला वाचवणारं कोणीच नसतं.

सामान आणायला मी आणि बाबा जी. ई. रोडवर गेलो. दोन रिले, फ्यूज होल्डर, सॉकेट, प्लग, सात तारांची केबल, रबरी ग्रोमेट, नालीदार पाइप. सगळं मिळून दीड हजाराच्या आत. दुकानदाराने बारीक केबल पुढे केली, "बाबूजी, यही चलता है." बाबांनी मायक्रोमीटर असल्यासारखी ती दोन बोटांत धरली आणि परत ठेवली. दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटर, अर्थसाठी अडीच.

घरी येऊन त्यांनी मला ते मोजूनच दाखवलं. बॅटरीवर 12.6 व्होल्ट. ट्रेलरची जुनी बारीक वायर जोडून ब्रेकलाइट लावला तर बल्बपाशी जेमतेम 10.2. बाकीचे वाटेत वायर गरम करण्यात खर्च झाले. आता कोणी म्हणेल, दोन-अडीच व्होल्टने काय होतं? तारेच्या बल्बचं गणित वेगळं आहे. व्होल्टेज एक पंचमांश घटलं की उजेड जवळजवळ निम्मा होतो. अंगणात उभं राहून दिवा लागला की नाही एवढंच पाहिलं तर 'लागला' असंच वाटतं. साठच्या वेगाने मागून येणाऱ्याला तो किती लांबून दिसेल, हा प्रश्न अंगणात सुचत नाही.

दुसऱ्या रविवारी खरं मेहनतीचं काम. पत्र्याला भोक पाडलं की कडा चाकूसारख्या होतात, म्हणून वायर तिथून नेताना रबरी ग्रोमेट हवंच. नालीदार पाइप चॅसीच्या आतल्या बाजूने, सायलेन्सरपासून लांब. सॉकेट कुठे बसवायचं यावर घरात वाद झाला. यजमानांचं म्हणणं बंपरच्या खाली, तिथे आयतं भोक आहे. बाबा म्हणाले, शेताच्या वाटेवर नाला लागतो. जीप नाल्यातून वर चढताना मागची बाजू खाली जाते आणि सगळ्यात आधी दगडाला टेकतं ते बंपरच्या खाली लोंबणारं सामान. सॉकेट वर, हुकाच्या शेजारी बसलं, झाकणाची बिजागरी वरच्या बाजूला ठेवून, म्हणजे पाणी आत न जाता ओघळेल. टर्मिनलना थोडं पांढरं व्हॅसलीन. केबल एवढी लांब की वळणावर ताणली जाऊ नये, आणि एवढी लांबही नाही की रस्त्यावर घासेल.

मग आली पांढरी वायर. मला या सगळ्या प्रकरणात ती सर्वांत आवडली. पुष्कळ मिस्त्री ती जोडतच नाहीत. ट्रेलरची कडी लोखंडाची, जीपचा हुक लोखंडाचा, दोघं एकमेकांना टेकलेले, मग अर्थ मिळतोच की. उभ्या गाडीत मिळतोही. पण कडीवर ग्रीस असतं, गंज असतो, आणि खड्ड्यात कडी क्षणभर उचलली जाते.

बाबांनी पांढरी वायर मुद्दाम सोडवली, कडीखाली रबराचा तुकडा घातला आणि मुलाला ब्रेक दाबायला सांगितलं. ट्रेलरचे लाल दिवे नीट लागलेच नाहीत. उलट इंडिकेटरमध्ये मंद पिवळी धुगधुगी दिसायला लागली. ट्रेलरच्याही आणि जीपच्याही. इंडिकेटर तर कोणी दिलाच नव्हता! "बघ, करंटला घरी परत जायचंय," बाबा म्हणाले. "समोरचं दार बंद आहे, म्हणून तो शेजाऱ्याच्या घरातून वाट काढतोय." ब्रेकच्या बल्बमधून निघालेला करंट अर्थ न मिळाल्यामुळे इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा जीपमध्ये शिरत होता. ट्रॉलीवाल्या ट्रॅक्टरचे दिवे कधीकधी भूत लागल्यासारखे भलतेच लुकलुकताना दिसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा ही एक वायर. पांढरी वायर जोडली आणि सगळं शहाण्यासारखं वागू लागलं.

एक भानगड मात्र उरली. ट्रेलर जोडून इंडिकेटर दिला की टक-टक-टक फार वेगाने व्हायचं. जुन्या जीपचा फ्लॅशर म्हणजे पत्र्याच्या डबीत तापून वाकणारी पट्टी. बल्ब वाढले, करंट वाढला, पट्टी लवकर तापायला लागली. जास्त भार पेलणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घातल्यावर ठेका पूर्ववत झाला. त्यात एक तोटा आहे. बल्ब उडाला तरी ठेका तोच राहतो, म्हणजे बिघाड कानाला कळत नाही. म्हणून निघण्याआधी एक फेरी मारायचीच, असा आमच्याकडे नियम झाला.

आमच्या चुलतभावाकडे नवी थार आहे. हे ऐकून तोही उत्साहात वायरी कापायला निघाला होता. बाबांनी फोनवरच थांबवलं. नव्या गाड्यांत दिव्यांचा कारभार छोटा कॉम्प्युटर पाहतो. कुठल्या दिव्याकडे किती करंट जातोय यावर त्याची नजर असते. मध्येच परकी वायर जोडली तर तो बिघाड समजून दिवा दाखवतो, कधी पुरवठाच तोडतो. तिथे ट्रेलरसाठी वेगळं मॉड्यूल घ्यावं लागतं, जे गाडीच्या दिव्यांकडून फक्त इशारा घेतं आणि वीज बॅटरीवरून. म्हणजे आमच्या रिलेचाच शिकलेला नातू.

तिसरा रविवार सिविक सेंटरचा. भिलाई टाउनशिपचा हा बाजार संध्याकाळी गुपचुपच्या ठेल्यांनी आणि कुटुंबांनी गजबजलेला असतो, पण सकाळी दुकानं उघडायच्या आधी मोकळा. ट्रेलर मागे घ्यायचा सराव करायला याहून सोयीची जागा नाही, आणि शेतावर जीप बहुतेक वेळा मीच नेते. स्टीअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, हे डोक्याला कळतं पण हाताला कळत नाही. बाबांनी युक्ती सांगितली: हात स्टीअरिंगच्या खालच्या टोकाला धर. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात ने. पंधरा मिनिटांत जमलं. नेहरू आर्ट गॅलरीच्या बाजूने फिरायला निघालेले दोन आजोबा थांबून सूचना देऊ लागले, तेव्हा आपण खरंच शिकतोय असं वाटलं.

त्याच दिवशी रात्री दुकानं बंद झाल्यावर पुन्हा तिथे गेलो, दिवे पाहायला. गाडी चालवणाऱ्याला स्वतःचे मागचे दिवे कधीच दिसत नाहीत. आरसा असून उपयोग नाही. एकटं असाल तर दुकानाच्या मोठ्या काचेकडे पाठ करून गाडी उभी करायची आणि मान वळवून काचेत पाहायचं. मी तसंच केलं. ब्रेक दाबला आणि अंधाऱ्या काचेत दोन लाल दिवे भरून उजळले.

पण बाबांना काचेवर समाधान नव्हतं. ते भाऊजींना घेऊन आले होते. "तू मागे जा. लांब जा. जिथून दिसायचं बंद होईल तिथे थांब." भाऊजी हळूहळू रस्त्याने मागे चालत गेले, फोन कानाला लावून. मी स्पीकरवर ठेवला होता.

"डावा?"

"दिसतोय वहिनी."

"ब्रेक?"

"दिसतोय."

"आता फक्त मागचे दिवे. ब्रेक सोडलाय."

"दोन्ही दिसतायत."

असं ते चालत राहिले, रस्ता वळला तिथपर्यंत. मग काही वेळ फोनवर नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. बाबांनी विचारलं, "काय रे, दिसेनासे झाले का?" ते म्हणाले, "नाही बाबा. दिसतायत. मी नुसता बघतोय."

परत येताना ते दमले होते. कोणी काही बोललं नाही. मुलाला आइस्क्रीम हवं होतं, दुकानं बंद होती, त्यावरून त्याने घरापर्यंत तोंड फुगवलं.

आता ट्रेलर नियमित शेतावर जातो. पहिल्याच फेरीत आमच्या बांधाशेजारचे शेतकरी जीपच्या मागे वाकून बघत राहिले. त्यांच्या ट्रॅक्टरच्या मागे हुबेहूब असंच सॉकेट होतं. बऱ्याच ट्रॅक्टरना ते कंपनीतूनच येतं. त्यांच्या सॉकेटचं झाकण तुटलेलं, आणि आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. ट्रॉलीला मात्र एकही वायर नाही. म्हणजे वीज ट्रॅक्टरच्या शेवटच्या टोकापर्यंत येऊन थांबलेली होती, पुढे फक्त पंधरा फूट केबल आणि दोन दिवे कमी. महाराष्ट्रात ऊस हंगामात साखर कारखाने आणि पोलीस ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावतात, ते उत्तम आहे. पण रिफ्लेक्टर म्हणजे उसना उजेड. समोरून येणाऱ्या ट्रकने डोळे दिपवले की तो फारसा कामाला येत नाही. मला विचाराल तर दोन्ही हवेत.

बाबांनी काडीने माशीचं घर काढलं, टर्मिनल घासले, टेस्ट लॅम्प लावला. सातही जिवंत. पुढच्या खेपेला ते केबल, दोन एलईडी दिवे आणि लाल पट्टीचं भेंडोळं घेऊन गेले. पैसे फक्त सामानाचे. धान कापणीच्या आधी त्या गावातल्या तीन ट्रॉल्या झाल्या. पांढरी वायर प्रत्येकीला, आणि प्रत्येक मालकाला ती सोडवून इंडिकेटरची धुगधुगी दाखवण्याचा कार्यक्रमही प्रत्येक वेळी. भाऊजी सोबत जातात. जमिनीवर बसता येत नाही म्हणून त्यांच्यासाठी स्टूल असतं, आणि क्रिम्पिंगचं काम आता तेच करतात.

चौथ्या ट्रॉलीचे मालक म्हणाले, "आमची तर दिवसाच चालते, काय गरज?" बाबांनी वाद घातला नाही. ट्रॉलीची लांबी पावलांनी मोजली आणि वहीत लिहून ठेवायला सांगितली. तेवढी केबल कापून, सातही टोकं सोलून, आमच्या व्हरांड्यात खिळ्याला टांगलेली आहे.